रखमाजीचं एक पाऊल

जालन्यात एके काळी रखमाजीचं एक पाऊल प्रसिद्ध होतं. पाऊल ही काय प्रसिद्ध व्हायची वस्तू आहे का, असं कोणी विचारील. पण जालनेकरांचं कौतुक कशावर जाऊन बसेल याचा नेम नाही. त्या काळी, म्हणजे निजामाच्या राज्यात फसली सन तेराशे चाळीसच्या (इसवी सन एकोणीसशे एकतीसच्या) आगेमागे, मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या, हमालापासून वकिलाच्या माडीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते पाऊल होतं. शुक्रवारी, सरकारी सुट्टीच्या दिवशी, चार वाजता छावणीमागच्या मैदानावर लोक फुटबॉल बघायला जमत. जमत म्हणजे काय, गोल कोणी केले हे त्यांना घरी जाईपर्यंत आठवत नसे. रखमाजीनं किती गडी पकडले, एवढं मात्र पाठ असे.

रखमाजी मूळचा केदारखेड्याचा. घरी जमीन होती, बैलबारदाना होता, दोन थोरले भाऊ होते. हाही नांगरामागंच म्हातारा झाला असता. पण सोळाव्या वर्षी त्याच्या डाव्या घोट्यातून नारू, तो दोऱ्यासारखा लांब जंत, निघाला. बारवेचं पाणी पिणाऱ्या गावात नारूचं नवल कोणाला नव्हतं. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, पंधरा दिवसांत मोकळं. याचा नेमका मधेच तुटला. पाय सुजला, पिकला, आणि सहा महिन्यांनी हा उठला तेव्हा घोटा कायमचा आखडलेला. चालता येई. सावकाश चाललं तर कोणाला कळतही नसे. पळायला गेला की मात्र सगळं अंग एका बाजूला फेकलं जाई. भावांनी कधी वावगा शब्द काढला नाही, पण पेरणीच्या दिवसांत घरी बसून खाल्लेला घास नरड्याखाली उतरत नाही. त्यानं जालना गाठलं आणि कापसाच्या प्रेसमध्ये लागला. गठाण दाबून झाली की तिच्याभोवती पट्ट्या आवळायच्या. उभ्याचं काम, हाताच्या जोराचं. पायाला कोणी विचारत नव्हतं.

प्रेसच्या कुंपणापलीकडंच मैदान. तिथं लाडलेखाँ जमादार मोंढ्याच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. ते गोऱ्या साहेबांच्या पलटणीत बिगुल वाजवत होते. पेन्शन झाल्यावर बिगुल सरकारजमा झाला, पण फुटबॉलचं वेड काही जमा झालं नाही. एक चामड्याचा चेंडू, एक शिट्टी आणि पांढरी दाढी एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खी टीम उभी केली. शुक्रवारची नमाज झाली की थेट मैदान. सगळे त्यांना चाचा म्हणत. रखमाजी कुंपणाशी उभा राहून बघायचा, आणि शेजारच्याला सांगायचा, "आता तिकडं जाईल बघ." चेंडू तिकडंच जायचा.

चाचांनी हे दोन शुक्रवार ऐकलं. तिसऱ्या शुक्रवारी ते कुंपणाशी आले.

"मियाँ, आत ये."

"चाचा, मला पळता येत न्हाई."

"पळायला कोण बोलावून राह्यलंय? तुला बघता येतं, बस्स."

मग त्यांनी त्याला ते पाऊल शिकवलं. ते समजायला फुटबॉलचा एक कायदा समजावा लागतो, आणि तो अवघड नाही. समोरच्या संघाचा माणूस आपल्या गोलापुढं आयताच ठाण मांडून बसू नये, म्हणून नियम असा होता की त्याच्याकडं चेंडू मारला जाताना तो आणि गोल यांच्यामध्ये आपली निदान तीन माणसं पाहिजेत. कमी असली की ऑफसाइड, शिट्टी, खेळ बंद. आता मोंढ्याचा गोलकी गोलात. त्याच्यापुढं बद्रीनाथ, तो बॅक, म्हणजे मागं राहून गोल राखणारा. तिसरा रखमाजी, तोही बॅक. समोरचा गडी पळत यायचा, त्याचा सोबती चेंडू मारायला पाय उचलायचा, आणि नेमक्या त्या क्षणी रखमाजी हात वर करून एक पाऊल पुढं टाकायचा. झालं! गड्याच्या आणि गोलाच्या मध्ये दोनच माणसं उरली. चाचांची शिट्टी वाजायची आणि पकडला गेलेला गडी गोलासमोर येड्यासारखा उभा.

क्षण चुकला तर सगळं मुसळ केरात. पण रखमाजीचा क्षण चुकत नसे. समोरच्याचा खांदा वळण्याआधी त्याला कळे. आणि तो कधी पळत नसे, याचाही लोकांनी आपल्या मनानं अर्थ लावला होता. वाघ काय शेळीमागं धावतो का, असं म्हणायचे. तो लंगडा आहे हे फक्त चाचांना आणि घरी बायकोला, साळूबाईला, माहीत. घोट्याला तो फडकं बांधायचा, पण फडकी सगळेच बांधत. नारूनंतर गावात पोरांच्या खेळात ज्याला कोणी घेतलं नव्हतं, त्याला आता बाजारात लोक वाट देत होते. ह्या सुखाला तो हावरटासारखा चिकटला होता, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

त्या वेळी जिल्ह्यातल्या टीमांचे दोन वर्ग होते, लहान आणि मोठा. लहान वर्गात जालन्याच्या आसपासच्याच टीमा, त्यांचे सगळे सामने जालन्यातच होत. पंच चाचा, नाहीतर त्यांचाच एखादा चेला. मोंढ्याची टीम तीन वर्षं ओळीनं पहिली आली आणि तिला मोठ्या वर्गात चढवलं. मोठ्या वर्गाचे सामने औरंगाबादला. एक शुक्रवार तिथं सामना, एक शुक्रवार इथं सराव. स्टेशनवर ताशा वाजला. साळूबाईनं दशम्या बांधून दिल्या. कप्तान होता भालचंद्र, एका वकिलाकडं कारकुनी करणारा, मैदानाच्या मधोमध खेळणारा, आणि खेळाइतकाच खेळाच्या कागदांवर जीव असणारा. तो म्हणाला, "रखमाजी, औरंगाबादकरांना तुमचं पाऊल दाखवू."

दाखवलं. पहिल्याच पाच मिनिटांत समोरच्या पलटणीचा गडी आला, त्याच्या सोबत्यानं पाय उचलला, रखमाजीनं हात वर केला आणि पाऊल टाकलं. शिट्टी वाजली नाही. गडी त्याच्या बाजूनं निघून गेला आणि त्यानं गोल केला. रखमाजीचा हात अजून वरच. पंचाचं लक्ष नसेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यानं पंचाकडं असं पाहिलं की पंचानं त्याला दम भरला. आठ गोल झाले, आठही त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या रानातून. मागं वळून पळावं तर पाय कुठला? तो हात वर करून उभा राहायचा, आणि आठव्या वेळी प्रेक्षकांतून कोणी तरी ओरडलं, "अरे, त्याला कोणीतरी खाली बसवा!"

सामना संपल्यावर भालचंद्र भांडायला गेला आणि गप्प होऊन परत आला. पंचानं त्याला इंग्रजी नियमांचं चोपडं दाखवलं होतं. तीन माणसांचा कायदा विलायतेत सात वर्षांपूर्वीच रद्द झाला होता. आता दोन माणसं पुरत होती. म्हणजे गोलकी आणि बद्रीनाथ मागं असले की पुरे. रखमाजीनं एक पाऊल टाकावं की दहा, कोणी ऑफसाइड होत नव्हतं. उलट त्यानं पाऊल टाकलं की दरवाजाच उघडत होता. सगळ्या राज्यात नवा कायदा चालू होता आणि एकट्या जालन्यात चाचांच्या शिट्टीवर जुना.

परतीच्या वाटेवर डब्यात सगळे बसले होते. कोणालाच रखमाजीकडं बघवेना. प्रश्न एकट्या पावलाचा नव्हताच. सराव चाचांच्या शिट्टीवर. चाचांना कायदा माहीत नाही, तर ते जुनाच वाजवणार. मग टीम नवा शिकणार कधी? कोणी तरी चाचांना सांगायला हवं होतं. आणि सत्तरीच्या माणसाला, ज्यानं आपल्याला पायात चेंडू कसा धरायचा हे शिकवलं, त्याला तोंडावर कसं सांगायचं की चाचा, तुम्ही सात वर्षं चुकीचं शिकवून राह्यलात? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला अकराजण होते आणि एकही पुढं येईना.

"मी सांगतो," रखमाजी म्हणाला. "ते मव्हे गुरू हायेत."

दुसऱ्या दिवशी तो गेला. चाचा ओट्यावर बसून चेंडूच्या चामड्याला चरबी चोळत होते. त्यांनी आधी हरल्याचं विचारलंच नाही.

"कितने पकडे, मियाँ?"

"तीन पकडले, चाचा," रखमाजी म्हणाला.

हे असं सहा आठवडे चाललं. एका शुक्रवारी जालन्यात जुन्या कायद्यानं सराव करायचा, दुसऱ्या शुक्रवारी औरंगाबादला नव्या कायद्यानं मार खायचा. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण भीड नावाची गोष्ट आपल्याकडं कायद्यापेक्षा जुनी आहे, आणि तिच्यापायी शहाण्यांनी याहून मोठा मूर्खपणा केला आहे. भालचंद्र बिचारा रात्रंदिवस कागदावर ठिपके काढत बसायचा. त्यानं आधी दोन्ही बॅकना एकदम पाऊल टाकायला सांगितलं. रखमाजीचा क्षण रखमाजीला कळे, बद्रीनाथला तो कळेपर्यंत गोल होऊन जाई. मग भालचंद्र स्वतः मधली जागा सोडून मागं आला आणि दोघांच्या मध्ये तिसरा बॅक म्हणून उभा राहिला. मोठ्या टीमा आता तसंच खेळत होत्या. मधल्या जागेची त्याला केवढी हौस होती, सगळा खेळ तिथून फिरायचा. पण त्यानं ती टीमसाठी सोडली. आता रखमाजीला एवढंच करायचं होतं: जागेवर थांबायचं, पाऊल टाकायचं नाही.

तेवढंच त्याला जमेना. समोरच्याचा खांदा वळला की पाय आपसूक पुढं जायचा. घरी तो दारात उभा राहून स्वतःला सांगायचा, "थांब, थांब." मैदानावर पालथ्या घड्यावर पाणी. पाच गोल, मग चार, मग तीन. त्यातला एक सामना मोंढ्यानं कसाबसा जिंकला, तोही चिखलामुळं. आता शेवटचा सामना उरला होता. खालच्या दोन टीमा परत लहान वर्गात उतरणार होत्या, आणि मोंढ्याला टिकायला निदान बरोबरी हवी होती. त्याआधी हाती एकच सरावाचा शुक्रवार.

बुधवारी भालचंद्र प्रेसच्या फाटकाशी आला. "रखमाजी, एक तरी सराव नव्या कायद्यानं व्हायलाच पाहिजे. तुम्ही सांगितलंत ना चाचांना?"

"सांगतो."

"सहा आठवडे झाले."

"सांगतो म्हणलं ना, पंत!"

घरी आल्यावर त्यानं हे साळूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"आवं, एक इचारू का? राग येऊ देऊ नका. तुमी सांगत न्हाई ते चाचाला वाईट वाटंल म्हणून, का नवा कायदा जालन्यात आला तर तुमचं पाऊल जाईल म्हणून?"

तो ताटावरून उठला. नळाशी जाऊन उगाच हात धूत राहिला. ती खरं बोलली होती. सहा आठवडे तो आपल्या भित्रेपणाला गुरुभक्ती म्हणत आला होता. औरंगाबादला त्याची पत केव्हाच गेली होती. जालन्यात अजून होती, आणि चाचांच्या त्या जुन्या शिट्टीवरच ती उभी होती.

गुरुवारी प्रेस सुटल्यावर तो सरळ चाचांच्या ओट्यावर गेला.

"आओ मियाँ. कितने—"

"एकबी न्हाई, चाचा. पहिल्या दिवसापासून एकबी न्हाई. मी खोटं बोलून राह्यलो तुमच्यासंगं." आणि मग थांबलो तर राहूनच जाईल अशा घाईनं त्यानं सगळं सांगून टाकलं. तीन माणसं, दोन माणसं, चोपडं, सात वर्षं. "तुमाला कोणी सांगितलंच न्हाई, चाचा. तुमची काय चूक न्हाई त्यात."

चाचा चेंडूला चरबी चोळत होते तसेच चोळत राहिले.

"मेरेकू मालूम है," ते म्हणाले.

"काय?"

"सात बरस से मालूम है. पलटणीच्या सामन्याला मला पंच म्हणून बोलावल्तं औरंगाबादेत. तिथंच सांगितलं साहेबानं."

रखमाजी ओट्यावरच बसला. "मंग इथं काहून न्हाई लावला?"

चाचांनी चेंडू खाली ठेवला. "त्या दिवशी मी परत आलो, शुक्रवार होता. तू मैदानावर होतास. त्या दिवशी चार पकडले तू. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. मी म्हणलं, पुढच्या शुक्रवारी लावू नवा कायदा. मंग म्हणलं, त्याच्या पुढच्या. इथं कोणाला काय फरक पडणार होता? लहान वर्ग, आपलाच गाव, आपलीच शिट्टी." ते जरा थांबले. "तुम्ही एवढे वर चढाल, हे मेरेकू कहाँ मालूम था?"

रखमाजीला आधी रागच आला. सात वर्षं लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं ते एका म्हाताऱ्याच्या दयेवर! मग त्याच्या मनात जे आलं ते त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

"चाचा, मंग मी खेळाडू होतो का न्हाई? खरं सांगा."

"जुन्या कायद्यात तुझ्यासारखा बॅक मी गोऱ्यांच्या पलटणीतबी न्हाई पाहिला. कसम से." चाचांनी त्याच्या आखडलेल्या घोट्यावर हात ठेवला. "नव्या कायद्यात तू खेळाडू न्हाई, बेटा."

रखमाजी उठला. "उद्या नवा कायदा लावा."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोरच. बाकीच्यांना एक तरी डाव शिकू द्या. मी ध्यानात ठेवीन, पाऊल टाकणार न्हाई."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी त्या काळजीत राहायला नको. शेवटच्या सामन्यात मोंढा एक-एक बरोबरीत सुटला आणि मोठ्या वर्गात टिकला. त्या दिवशी टीममध्ये रखमाजी नव्हता, त्यानं आपणहून नाव काढलं होतं. पुढंही बरीच वर्षं तो मोंढ्याच्या बॅकांना समोरच्याचा खांदा कसा ओळखायचा ते शिकवायचा, आणि लोकांना त्याचं बरंही वाटायचं. पण ते सगळं ठरलं त्या सरावाच्या शुक्रवारी.

त्या शुक्रवारी मैदानाला जत्रेचं रूप आलं होतं. औरंगाबादला काय चाललंय ते लोकांनी ऐकलं होतं आणि सगळा दोष तिथल्या पंचांना देऊन टाकला होता. आपल्या मैदानावर, आपल्या चाचांच्या शिट्टीवर रखमाजी काय करतो ते बघायला अख्खा मोंढा लोटला. टीमचे दोन भाग केले. रखमाजी आणि बद्रीनाथ एका बाजूला बॅक, मध्ये भालचंद्र. दुसऱ्या बाजूला श्रीपती, तेव्हा मोंढ्यातला सगळ्यात चपळ गडी.

पहिली दहा मिनिटं रखमाजी जागेवर थांबला. मनात म्हणत राहिला, थांब, थांब. लोक कंटाळून ओरडायला लागले, "पाऊल! पाऊल!" मग भालचंद्र चेंडूमागं पुढं गेलेला असताना श्रीपती पळत आला. त्याच्या सोबत्याचा खांदा वळला. आणि रखमाजीचा हात वर गेला, पाय पुढं पडला, नेमका त्या क्षणी. आयुष्यातलं सगळ्यात अचूक पाऊल असेल ते. मैदानभर आनंदाची आरोळी उठली.

शिट्टी वाजली नाही. श्रीपती आधी थबकला, चाचांकडं पाहिलं, आणि मग चेंडू घेऊन जाऊन गोल केला. चाचांनी हात लांब करून मैदानाचा मध्य दाखवला. गोल.

मग जो कल्ला झाला! "चाचा, आंधळे झाले का!" "बुढ्ढ्याला घरी पाठवा!" "श्रीपतीनं विडा चारला का रं?" ज्या माणसाला रस्त्यात सलाम घालत होते त्याला आता तोंडाला येईल ते बोलत होते. एकानं ढेकूळ मारलं, ते चाचांच्या खांद्याला लागून फुटलं. दाढीवर माती उडाली. चाचांनी ती पुसलीसुद्धा नाही. भालचंद्र हात वर करून लोकांना काही सांगू पाहत होता, त्याचं कोण ऐकतो?

चाचांना एक वाक्य पुरलं असतं. कायदा बदलला आहे, एवढंच. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आला असता, कधीपासून? आणि मग सात वर्षं कशी गेली ते सगळ्या मोंढ्याला कळलं असतं. म्हणून ते शिट्टी मुठीत धरून खाली बघत उभे होते. रखमाजीला हे एकदम उमगलं. म्हातारा अजूनही त्यालाच झाकत होता.

त्यानं वर केलेला हात खाली घेतला.

"गोल बराबर हाय!" तो ओरडला. इतक्या जोरात की पुढचे लोक दचकले. "चाचांची चूक न्हाई. आयका! ह्या पावलाचा कायदा सात वर्षांमागंच रद्द झालाय. चाचांनी मव्ह्यासाठी जुना चालवला. मव्हा पाय अधू हाय. मला पळता येत न्हाई, इथं आल्यापासून कधीच येत नव्हतं, म्हणून!"

कोणाचा विश्वास बसेना. मागून कोणी तरी म्हणालं, "काय पण सांगतो! रखमाजी लंगडा?"

चेंडू गोलामागं लांब, कुंपणापाशी जाऊन पडला होता. बद्रीनाथ आणायला निघाला. रखमाजीनं त्याला हातानं अडवलं आणि स्वतः पळत सुटला. सगळं अंग एका बाजूला फेकत, एक हात हवेत मारत, धडपडत. कुंपण दूर होतं. तो सगळं अंतर पळत गेला, चेंडू काखेत घेतला, आणि सगळं अंतर तसाच पळत परत आला.

कोणी हसलं नाही. त्यानं चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवला आणि धापा टाकत म्हणाला, "चाचा, शिट्टी मारा."